नाममुद्रा, बाड आणि स्वामित्व

शाहिरी वाङ्मयाच्या संशोधनांत 'ही रचना कोणाची' हा प्रश्न नित्य पुढें येतो, व त्याचें उत्तर आपण बहुधा शेवटच्या कडव्यांतील नाममुद्रेवरून देतों. मुद्रा सांपडली कीं वाद मिटला, अशी आमच्या संपादकांची समजूत दिसते. ही समजूत अपुरी आहे. आणि तिचा उपद्रव वाङ्मयेतिहासापुरताच राहिला नसून, आज गाऊन पोट भरणाऱ्या माणसापर्यंत पोंचला आहे, असें आम्हांस वाटतें. त्याचीं कारणें येथें मांडतों.

समजा, कडेगांवीं एखाद्या घरीं जुनें बाड निघालें. मोहरमच्या उंच ताबुतांसाठीं व त्यांच्या भेटींसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव पूर्वीं सातारा जिल्ह्यांत होतें. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला, व १९६० पासून त्यास सांगली हें नांव आहे. भोंवतालचा मुलूख शाहिरांचा. वाळवें तालुक्यांतील रेठरें हरणाक्ष हें पठ्ठे बापूरावांचें (१८६६–१९४५) गांव, आणि त्याच तालुक्यांतील वाटेगांव हें अण्णा भाऊ साठे यांचें (१९२०–१९६९). अशा मुलखांतील त्या बाडांत एक लावणी आहे, समासांत फडाचें नांव आहे, व वर चालीची सूचना आहे. आतां प्रश्न एक नसून चार आहेत: कागद कोणाचा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि आवाज कोणाचा? आमचे संपादक यांपैकीं दुसऱ्या प्रश्नाचें तेवढें उत्तर देतात.

वस्तुतः नाममुद्रा ही नेहमीं एकट्या कवीचीच सही असते असें नाहीं. होनाजी शिलारखाने रचना करी व बाळा कारंजकर ती गाई. मुद्रा मात्र 'होनाजी बाळा' अशी दोघांची. अनभ्यस्त वाचक तें एकाच कवीचें नांव समजतो. खरें पाहतां रचणारा व गाणारा यांचा वाटा तेथें एकाच ठिकाणीं नोंदलेला आहे. ज्या न्यायास कायद्याला पुढें दीड-दोन शतकें लागलीं, तो पेशवाईच्या अखेरच्या काळांतील एका फडानें दोन शब्दांत केला होता.

ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं पोवाड्यांचा संग्रह छापला, य. न. केळकरांच्या 'ऐतिहासिक पोवाड्यां'चा पहिला भाग १९२८ सालीं निघाला. या संपादकांचें ऋण मोठें आहे व तें आम्ही मान्य करतों. परंतु छापील पानाचा स्वभावच असा कीं, शब्द राहतात आणि आवाज गळतो. पुढें तबकडी आली, तेव्हां याच्या उलट घडलें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजाननें गाणें संपतांच आपलें नांव उच्चारून तबकडीवर ठेवलें. ती नाममुद्राच होय. मात्र नांव राहिलें तरी हक्क राहिला नाहीं. १९१४ च्या कायद्यानें मूळ मुद्रणाचा जो धनी, तोच ध्वनिमुद्रणाचा कर्ता ठरला. १९५७ च्या कायद्यानेंही गाणाऱ्यास आरंभीं कांहीं दिलें नाहीं. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयासमोर चित्रपटसंगीताचा खटला आला, तेव्हां न्या. कृष्ण अय्यर यांनीं स्वतंत्र टिपणांत गायकाच्या या उपेक्षेबद्दल खंत व्यक्त केली. गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क कायद्यांत आला तो १९९४ च्या दुरुस्तीनें. आणि आपलें नांव लावून घेण्याचा त्याचा नैतिक हक्क २०१२ च्या दुरुस्तीनें स्पष्ट झाला.

हाच कायदा आपल्या कल्पित बाडास लावून पाहूं. कागद ज्याच्या हातीं, त्याचा. पण कागदाबरोबर शब्दांचें स्वामित्व येत नाहीं. मालकानेंच आपलें अप्रसिद्ध हस्तलिखित मृत्युपत्रानें दिलें, तर विरुद्ध इच्छा दिसत नसल्यास, स्वामित्वही त्यासह जातें. रद्दीवाल्याकडून घेतलेल्या बाडास हें लागू नाहीं. शब्दांचें स्वामित्व कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चालतें. पठ्ठे बापूरावांच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या रचना त्यामुळें २००६ च्या आरंभापासून सर्वांच्या झाल्या. अण्णा भाऊंच्या तशा रचना २०२९ च्या अखेरीपर्यंत होणार नाहींत. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या रचनेचीं साठ वर्षें प्रसिद्धीपासून मोजतात; परंतु या कामीं रचना लोकांपुढें गायिली गेली असली तरी ती प्रसिद्धच धरतात. म्हणजे समासांतील 'अमक्या फडांत गायिली' ही ओळ निव्वळ शोभेची नव्हे. तीच ओळ मुदत कोठून मोजावी हें ठरवूं शकते. नक्कल करतांना समास सोडून देणाऱ्या संग्राहकानें याचा विचार करावा.

चाल व ध्वनिमुद्रण हीं याहून निराळीं. 'अमर भूपाळी' या १९५१ च्या चित्रपटांत होनाजीची भूपाळी वसंत देसाई यांच्या संगीतांत आली; त्यानें शब्द कोणाच्या खासगी मालकीचे झाले नाहींत. आज कोणी शाहीर तीच भूपाळी परंपरेच्या चालीवर गाऊन स्वतः मुद्रित करील, तर त्याच्या मुद्रणावर दुसऱ्याचा दावा चालूं नये. व्यवहारांत मात्र ज्यानें आपलें मुद्रण आधीं जाहीर केलें, तो इतरांस अडवूं पाहतो. कंपनीचा आश्रय न घेतां गाणाऱ्याजवळ अशा वेळीं पुरावा नसतो. कायद्याप्रमाणें हक्काची सोडचिठ्ठी लेखी व सहीची असावी लागते. तींत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची, व प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरती धरतात. या तरतुदी चांगल्या आहेत; पण ज्याच्या विद्येचा कोठेंच कागद नाहीं, त्याला त्या पुरेशा नाहींत. त्याचा कागद आपल्या कपाटांत बांधून पडला आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, शाहिरांनीं एकमेकांचें उचललें, एकच लावणी दोन बाडांत दोन मुद्रांनीं मिळते, मग स्वामित्व कसलें? परंतु मुद्रा बदलावी लागली, यावरूनच ती मोलाची होती असें ठरतें. ज्यास किंमत नाहीं तें कोणी खोडीत नाहीं. याच्या उलट, मुद्रा न मिळाली कीं 'पारंपरिक' असें लिहून मोकळें होण्याची जी रीत पडली आहे, तींत तर खोडण्याचेही श्रम नाहींत. 'पारंपरिक' या शब्दानें कर्त्याचा शोध थांबतो. आणि ती गोष्ट कोणाचीच नाहीं असें समजून पहिला येणारा ती उचलतो.

तरी संग्राहकांस आमची सूचना अशी. बाडाची नक्कल करतांना मुद्रा, फड, चाल, समास, आणि तें बाड कोणाकडून व कोणत्या तारखेस मिळालें, हें सर्व लिहावें. रचना गाणाऱ्याच्या तोंडून घेतली असल्यास त्याचें नांव त्याच्या संमतीनें नोंदवावें व नकलेची एक प्रत त्यास द्यावी. कर्ता न कळल्यास 'कर्ता अज्ञात' असें लिहावें. त्यानें शोध उघडा राहतो. संग्राहक हा रचनेचा धनी नव्हे, तिचा साक्षीदार आहे. आणि साक्षीदारानें वेळेवर साक्ष द्यावी, एवढीच अपेक्षा आहे.