बीज कोणाचे, गीत कोणाचे?

गेल्या कार्तिकी एकादशीस अहेरीतील एका भजनास बसण्याचा योग आला. मंडळाच्या वृद्ध बुवांनी ‘आता तुकोबारायांचा अभंग’ असे सांगून ‘आधी बीज एकले’ सुरू केले. बायकामुलांसह सारी मंडळी टाळ धरून त्यात रंगून गेली. आम्ही मात्र जरा अस्वस्थ झालो. कारण सुमारे साडेचार हजार अभंगांच्या गाथेत हे गीत कोठेही सापडावयाचे नाही.

प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी ते रचिले, केशवराव भोळे यांनी त्यास चाल दिली व विष्णुपंत पागनीस यांनी ते गायिले. दामले-फत्तेलाल यांच्या या बोलपटाचा १९३७ साली व्हेनिस येथे गौरव झाला, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच.

साक्षात तुकोबांची गाथा हाताशी असता नवे गीत कशास हवे होते, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते त्याचे उत्तर बोलपटाच्या स्वभावात आहे. गाथा वाचणारा एका ओळीपाशी हवे तितके थांबू शकतो. पडद्यासमोर बसलेल्या श्रोत्यास ती सवड नाही. बी, अंकुर, वृक्ष आणि पुन्हा मूळचे एकत्व हा क्रम एकाच श्रवणात बालकासही उमगतो. भोळे यांची चालही याच मर्यादेत राहते. ‘एकलव्य’ या टोपणनावाने संगीतावर मार्मिक टीकालेख लिहिणारा हा जाणता संगीतकार. परंतु येथे त्याने आपले पांडित्य पुढे येऊ दिले नाही. गवयाची बैठक नसलेल्या गळ्यासही पेलेल अशी ती चाल आहे, म्हणूनच ती अहेरीपर्यंत येऊन पोहोचली.

तथापि स्तुतीच्या भरात उणीव झाकणे बरे नव्हे. विठ्ठलाशी भांडणारे, स्वतःसही न सोडणारे तुकोबा या गीतात नाहीत. त्याची शब्दकळा घोटीव आहे. गाथेतील खडबडीत, जिवंत बोली येथे ऐकू येत नाही. अद्वैताचा सिद्धान्त आहे, परंतु त्यासाठी सोसलेली तळमळ नाही. ती भर पागनीसांच्या आर्त गळ्याने घातली, असे आम्हांस वाटते.

मग ही लोकांची फसवणूक झाली काय? मुळीच नाही. आठवले यांनी गीताच्या अखेरीस ‘तुका म्हणे’ ही मुद्रा घातलेली नाही. तुकोबांच्या मुखी शब्द घालूनही त्यांची सही न करण्याचा हा विवेक फार मोलाचा आहे. विसर पडला तो आपणा श्रोत्यांस.

भजन संपल्यावर आम्ही बुवांस हे हळूच सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “सर, माझ्या बापानं हा तुकोबांचा म्हणून शिकवला. आता लिहिणाऱ्याचं नाव घेत जाईन. पण हात जोडीन ते तुकोबांनाच.”

यावर वाद घालावा असे आम्हांस वाटले नाही. गीत रचताना आठवले यांनी तरी दुसरे काय केले होते?