'नाटकी' या आरोपाची फेरतपासणी

मराठी समीक्षाव्यवहारात चित्रपटाला 'नाटकी' म्हटले की निवाडा झाला असे समजले जाते. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या चित्रपटांपुढे मात्र हा निकषच तपासून घ्यावा लागतो. औरंगाबादच्या 'जिगीषा'तून घडलेल्या या दिग्दर्शकाने प्रशांत दळवी यांच्या 'चारचौघी'त (१९९१) दूरध्वनीवरचे प्रदीर्घ, एकतर्फी संभाषण केवळ अभिनेत्रीच्या बळावर उभे केले; १९९४ मध्ये महेश एलकुंचवारांची 'वाडा' नाट्यत्रयी सलग सादर केली. प्रेक्षकाला काळाचा भार जाणवू देणे, हे या रंगदृष्टीचे मर्म होय.

'बिनधास्त'नंतरच्या (१९९९) चित्रपटांत ते सर्वत्र टिकले असे नाही. 'तुकाराम'ने (२०१२) संताला दुष्काळ, सावकारी आणि संसार यांच्या ऐहिक अवकाशात आणले. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या चित्रपटानंतर हे धाडसच होते. परंतु चरित्राचा विस्तार प्रसंगामागून प्रसंग मागतो, आणि ताण विरतो.

'आजचा दिवस माझा'चा (२०१३) रूपबंध याच्या नेमका उलट आहे. रागाच्या भरात वृद्ध, अंध गायकाचा झालेला अपमान आणि त्यानंतरची मुख्यमंत्र्याची टोचणी एवढेच कथाबीज. अवधी एका रात्रीचा. डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांनी 'ओर्डेट' (१९५५) आणि 'गेरट्रूड' (१९६४) हे चित्रपट नाटकांवरून केले, आणि रंगमंचीय संथपणा लपवला नाही. (त्यांना तो दोष कोणी लावला नाही, असेही नाही.) कुलकर्णींची गती वेगळी, चढती आहे, पण काळ आवळून धरण्याची शिस्त रंगभूमीचीच. सत्ताधाऱ्याचा पश्चात्ताप येथे भाषणातून नव्हे, तर उजाडण्याआधी घराचा कागद पुरा करण्याच्या धावपळीतून दिसतो.