खांब, पट्टा आणि विनय : राळेगणसिद्धीच्या दंडनीतीची समीक्षा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव नियोजनपूर्वक नव्याने घडविले गेले. सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ साली परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व नसबंदी हे नियम स्वीकारले. १९९२ साली सुरू झालेल्या आदर्श गाव योजनेद्वारे शासनाने तेच नियम इतर गावांपुढे ठेवले. नियम मोडणाऱ्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र गौरवपर लेखनात बहुधा टाळला जातो.

राळेगणचे उत्तर सर्वश्रुत आहे. समजावूनही दारू न सोडणाऱ्यास मंदिराजवळ खांबाला बांधून पट्ट्याने मारण्यात येई. हजारे यांनी हे लपविले नाही. आई आजारी मुलाला कडू औषध पाजते तसेच हे, असे त्याचे समर्थन केले. मुकुल शर्मा यांनी 'ग्रीन अँड सॅफ्रन' (२०१२) या ग्रंथात या नैतिक सत्तेतील सक्तीची आणि दलितांच्या दुय्यम स्थानाची चिकित्सा केली आहे. येथे तीच दंडनीती विनयपिटकाच्या कसोटीवर तपासावयाची आहे.

सुरापानाच्या नियमाची उत्पत्तिकथा या संदर्भात बोलकी आहे. कोसंबी नगरीत उपासकांनी दिलेले मद्य पिऊन सागत थेर नगरद्वारापाशी कोसळले. तथागतांनी त्यांना उचलून आरामात आणविले आणि संघासमोर विचारविनिमय करून नियम घातला. नियमापूर्वीचा हा पहिलाच अपराधी असल्याने सागतांना आपत्ती लागली नाही. पुढील अपराध्यास लागणारी आपत्ती पाचित्तियाची, म्हणजे दुसऱ्या भिक्खूपुढे कबुली देऊन शुद्ध होण्याची. विशेष हे की, पाचित्तियात सुरापान ५१ वे आहे, तर रागाने दुसऱ्या भिक्खूला प्रहार करणे ७४ वे. पिणारा आणि मारणारा दोघेही एकाच श्रेणीत बसतात. राळेगणच्या खांबापाशी पहिला अपराधी ठरला आणि दुसरा सुधारक.

यावर आक्षेप येईल की, संघ स्वेच्छेने प्रव्रज्या घेतलेल्यांचा असतो, गाव तसे नसते. आक्षेप खरा आहे. पण तो राळेगणच्या विरुद्धच जातो. भिक्खूला चीवर उतरवून बाहेर पडता येते. गावकरी घर, शेत आणि नातीगोती सोडून कोठे जाणार? जेथून निघता येत नाही, तेथे दंडाला मर्यादा अधिकच हवी. संघकर्मास आरोपीची उपस्थिती आणि त्याचे म्हणणे आवश्यक मानले गेले, ते याच मर्यादेसाठी. आईची उपमाही येथे टिकत नाही. प्रौढ नागरिक हा गावाचे लेकरू नसतो. त्याच्या देहावर हात टाकण्याचा अधिकार संविधानाने कोणत्याही ग्रामसभेला दिलेला नाही. गावगाड्याच्या अशा सत्तेविषयी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत कठोर इशारा दिला होता.

मग राळेगण बदलले कशाने? दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, वध आणि बंधनाने चोरांचा उपद्रव संपत नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन मिळाले की तो शमतो. राळेगणात पाणलोटाची कामे झाली, विहिरींना पाणी आले, कोरडवाहू शेतीत पिके उभी राहिली. दारूच्या भट्टीवाचून पोट भरण्याचा मार्ग निघाला. हे श्रेय निर्विवाद आहे आणि ते पट्ट्याचे नाही, पाण्याचे आहे.

२०१६ साली महाराष्ट्राने दारूबंदी कायद्यात दुरुस्ती करून ग्रामरक्षक दलाची तरतूद केली. तिच्या मागणीत हजारे अग्रभागी होते. या रचनेत गावाने खबर द्यावी आणि कारवाई शासनयंत्रणेने करावी, असे अपेक्षित आहे. खांबापेक्षा हा मार्ग निश्चितच उजवा. आदर्श गावाची परीक्षा त्यातील सज्जनांवरून होत नाही. तेथे चुकलेल्या माणसाला कसे उचलले जाते, यावरून होते.