परतीचे तिकीट

गेल्या मे महिन्यात ओळखीतल्या एका कुटुंबातली मुलगी माझ्याकडे आली. तिच्या हातात दोन कागद होते. एकावर परदेशातल्या फिल्म स्कूलांची यादी, दुसऱ्यावर बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते. वडील राहते घर तारण ठेवायला तयार होते. "काका, यातली चांगली कुठली?" एवढाच तिचा प्रश्न होता. मी स्वतः कोणत्याही फिल्म स्कूलची पायरी विद्यार्थी म्हणून चढलेलो नाही. नोकरी सांभाळून पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये जे पाहिले आणि जुन्या मासिकांतून जे वाचले, तेवढेच माझे शिक्षण. त्यामुळे लगेच उत्तर दिले नाही. यापूर्वी जे गेले त्यांनी काय आणले, हे आधी तपासावे असे वाटले.

सुरुवात दादासाहेब फाळक्यांपासूनच करावी लागते. १९१२च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, त्याच्या ओळखीने सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवली आणि परतले. मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा. पुढच्या वर्षी ३ मे रोजी 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या गोष्टीतले धाडस आपण नेहमी सांगतो, तयारी सांगत नाही. छायाचित्रण, ब्लॉक, रंगीत छपाई ही सारी कामे फाळक्यांच्या हातून आधी झालेली होती. नेमके काय अडते आहे हे ठाऊक होते, म्हणून दोन आठवडे पुरले.

व्ही. शांताराम 'सैरंध्री'च्या (१९३३) रंगीत प्रतींसाठी जर्मनीत गेले. रंग फसले. पण पाहिलेले वाया गेले नाही. 'अमृतमंथन'मधला (१९३४) राजगुरूचा तो पडदाभर डोळा आणि त्या चित्रपटातला छायाप्रकाश हे त्या प्रवासाचे खरे उत्पन्न. या दोघांकडेही परदेशी पदविका नव्हती. दोघांकडेही परतल्यावर उघडायला स्वतःचे दार होते.

संस्थेतून संस्थेत जाणाऱ्या विद्यार्थ्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे कुमार शहानी. ज्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, तिथे ते शिकले. मग फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसच्या इदेक या संस्थेत गेले आणि रोबेर ब्रेसाँ यांच्या 'युन फाम दूस' (१९६९) या चित्रपटावर त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. परतल्यावर फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून 'माया दर्पण' (१९७२) केला.

या चित्रपटाविषयी लिहिताना शहानींना 'ब्रेसाँचे शिष्य' म्हणून मोकळे होण्याची आपल्या समीक्षेला सवय आहे. मला हे अर्धे सत्य वाटते. नटांचे सपाट बोलणे, चेहऱ्यावर भाव न आणणे, हवेलीच्या ओसरीतून तरनचे पुन्हा पुन्हा चालणे, यात ब्रेसाँ दिसतो, हे मान्य. 'युन फाम दूस' हा ब्रेसाँचा पहिला रंगीत चित्रपट. रंग सजावटीसाठी न वापरता अर्थासाठी राखून ठेवायचा, हा विचार शहानींना तिथे जवळून पाहायला मिळाला असणार. पण 'माया दर्पण' शेवटी छाऊ नृत्याकडे वळतो. आतापर्यंत आवरून धरलेली सगळी शक्ती तिथे देहातून उसळते. हा शेवट पॅरिसमध्ये मिळण्यासारखा नव्हता. त्याची मुळे पुण्यात आहेत. इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक शिकवत होते; आणि गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनाही शहानी गुरू मानत. लोककला आणि मिथक हा जिवंत इतिहास आहे, ही दृष्टी या दोघांकडची. ती घेऊन ते ब्रेसाँकडे गेले. रिकाम्या हाताने गेले असते तर परतताना फक्त नक्कल आणली असती.

आता दुसरी बाजू. 'माया दर्पण'ला हिंदीतल्या सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढचा कथापट 'तरंग' मात्र १९८४चा. मधे बारा वर्षे. स्मिता पाटील, अमोल पालेकर, श्रीराम लागू 'तरंग'मध्ये आहेत, तरी मराठी घरांत त्याचे नाव क्वचितच निघते. जाण्याची शिष्यवृत्ती होती; परतलेल्या माणसाला सलग काम देणारी व्यवस्था नव्हती. या बारा वर्षांचा दोष दिग्दर्शकाच्या 'दुर्बोधते'वर टाकून आपण सुटतो, हे मला पटत नाही.

तुलनेसाठी अर्जेंटिनाचे फेर्नांदो बिरी घ्या. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते रोमच्या चेंत्रो स्पेरिमेंताले या फिल्म स्कूलमध्ये शिकले. क्यूबाचे तोमास गुतिएरेस आलेआ आणि हुलिओ गार्सिया एस्पिनोसाही तिथलेच विद्यार्थी. बिरींनी परतून आपल्या सांता फे गावी शाळा काढली आणि विद्यार्थ्यांना घेऊन 'तिरे दिए' हा माहितीपट केला. पुलावरून जाणाऱ्या रेल्वेगाडीबरोबर नाण्यांसाठी धावणारी पोरे त्यात आहेत. नववास्तववाद रोमचा, पण पूल आणि पोरे सांता फेची. पुढे १९८६मध्ये बिरी, एस्पिनोसा आणि काही काळ रोमलाच शिकलेले गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी क्यूबात लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातल्या विद्यार्थ्यांसाठी फिल्म स्कूल उभे केले. परतीचे दार नव्हते, तर त्यांनी ते एकजुटीने बांधले.

आज वाटा पूर्वीपेक्षा जास्त आहेत. लिस्बन, बुडापेस्ट आणि ब्रसेल्स अशा तीन शहरांत शिकवला जाणारा 'डॉकनोमॅड्स' हा माहितीपटाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. छायालेखनासाठी 'व्ह्यूफाइंडर' आहे. युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ होते आणि दरमहा १,४०० युरो मिळतात. प्रागच्या 'फामू'त चेक भाषेतून शिकणाऱ्याला शुल्क नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ते भरपूर आहे. म्हणजे एक वर्ष भाषेला दिले तर घर तारण ठेवावे लागत नाही. माहितीपत्रकातली चकचकीत छायाचित्रे हा हिशेब सांगत नाहीत.

त्या मुलीला मी अखेर तीन प्रश्न लिहून दिले. इथे शिकता न येणारी अशी कोणती गोष्ट तुला शिकायची आहे? जाताना तू बरोबर काय नेणार आहेस? आणि परतल्यावर पहिले काम कुठे, कुणाबरोबर करणार? पहिल्या दोहोंची उत्तरे तिने आठवड्याभरात आणून दिली, आणि ती चांगली होती. तिसऱ्यापुढची जागा कोरी होती. ती एकट्या तिने भरायची नाही, एवढे मात्र मी तिच्या वडिलांना सांगितले. सध्या घराचे कागद कपाटात आहेत, आणि ती रोज सकाळी चेक भाषेचे धडे गिरवते आहे.