आदामाचा विलाप आणि गजांचे काम

आर्वो पेर्ट या एस्टोनियन संगीतकाराचे नाव निघाले की 'शांत', 'ध्यानमग्न' ही विशेषणे मागोमाग येतात. 2009 साली पूर्ण झालेल्या त्याच्या 'आदामाचा विलाप' या रचनेला ती लावणे मला अन्यायाचे वाटते. मिश्र गायकवृंद आणि तंतुवाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली ही सुमारे पंचवीस मिनिटांची रचना आहे, आणि ती आक्रोश करते.

संहिता सिलुआनची. 1866 साली रशियातल्या शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा माणूस अॅथोस पर्वतावरच्या मठात साधू झाला, तिथल्या गिरणीत राबला आणि 1938 साली वारला. त्याचा आदाम नंदनवनाच्या शोभेसाठी फारसा रडत नाही. देवाचे प्रेम गमावले, देवाला दुखावले, हे त्याचे दुःख. पुढे काइन हाबेलला मारतो आणि बापाला कळून चुकते, की आपल्यापासून होणारी राष्ट्रेही एकमेकांच्या जिवावर उठणार. मराठीत आदामाची कथा नवी नाही. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या भागात ती 1616 सालीच ओवीत आली. पण तिथे ती पुराणकथनाचा भाग आहे. सिलुआन मात्र आदामाच्या कंठातून बोलतो आणि शेवटी स्वतःसाठी नम्रता व प्रेम मागतो.

संहिता आणि तिचे इंग्रजी भाषांतर समोर ठेवून ही रचना ऐकत गेलो, तेव्हा माझे लक्ष गायकांवरून वाद्यांकडे वळले. पेर्टने 1976 पासून घडवलेल्या टिंटिनाबुली पद्धतीत एक स्वरधारा पायरीपायरीने चालते, दुसरी त्रिस्वरीच्या तीन सुरांतच फिरते. शब्दांचे आघात, अवयव, विरामचिन्हे यांवरून स्वरांची लांबी आणि थांबे ठरतात. इथे नियमाची पकड बरीच सैल आहे, तरी वाक्याची सत्ता कायम आहे. गायक वाक्य संपवून थांबतात आणि त्या थांब्यात गज चालू लागतात. ही साथ नव्हे. उच्चारात न मावलेले दुःख वाद्ये पुढे नेतात.

याचा पुरावा पेर्टच्याच जुन्या रचनेत सापडतो. 1991 च्या 'सिलुआनचे गीत' मध्ये गायक नाहीतच. सिलुआनचा मजकूर केवळ तंतुवाद्यांवर बेतला आहे. म्हणजे 'विलाप' लिहायला घेण्यापूर्वीच या वाद्यांना सिलुआनची भाषा अवगत होती.

एक तक्रार नोंदवतो. पूर्ण आवाजातले उद्रेक काही ठिकाणी इतके गोलाईदार आहेत की चित्रपटसंगीताचा भास होतो. टोनू कल्युस्तेने मुद्रणात (2012, ईसीएम) त्यांना लगाम घातला आहे. त्या मुद्रणाला ग्रॅमीही मिळाले.

पहिला प्रयोग जून 2010 मध्ये इस्तंबूलच्या हागिया आयरीनमध्ये झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दोघेही आदामाला आपला आदिपिता मानतात, त्यामुळे शहर योग्यच. पण मला अधिक बोलकी वाटते ती वास्तू. बायझंटिन काळातले हे चर्च उस्मानी राजवटीत मशीद झाले नाही, शस्त्रागार झाले. काइनच्या वारसांची हत्यारे जिथे रचून ठेवली होती, त्याच भिंतींनी तो विलाप प्रथम ऐकला.