व्यापारी इंकल आणि बार्बाडोसची साखर : लिगनपासून स्टीलपर्यंत

प्रास्ताविक :

‘स्पेक्टेटर’ या लंडनच्या नियतकालिकाच्या १३ मार्च १७११ च्या अंकात रिचर्ड स्टील याने टॉमस इंकल या तरुण इंग्रज व्यापाऱ्याची कथा सांगितली. १६४७ मध्ये धनार्जनासाठी वेस्ट इंडीजकडे निघालेल्या इंकलचे प्राण यारिको ही तेथील मूलनिवासी स्त्री वाचविते. बार्बाडोसला पोहोचताच तो तिला गुलाम म्हणून विकतो आणि ती गर्भवती असल्याचे कळताच किंमत वाढवितो. १७८७ मध्ये धाकट्या जॉर्ज कोलमनने या कथेवर संगीतिका रचली. ‘कृतघ्न व्यापारी’ ही इंकलची प्रतिमा अशी रूढ झाली. या प्रतिमेने काय झाकले गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ वृत्तान्त :

स्टीलचा आधार म्हणजे रिचर्ड लिगनचा १६५७ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्बाडोस-वृत्तान्त. लिगन १६४७ ते १६५० या काळात तेथे होता. त्याच्या ग्रंथात यारिकोची हकिकत अवघ्या काही ओळींची आहे. तिला विकणारा तरुण निनावी असून तो व्यापारी असल्याचा उल्लेख नाही. गर्भवतीची वाढीव किंमतही नाही. लिगनची लेखणी रमते ती साखरेत. पंधरा महिन्यांनी तयार होणारा ऊस, जनावरांनी फिरविला जाणारा तीन लाटांचा चरक, एकातून दुसऱ्यात रस नेणाऱ्या काहिली, सोमवारच्या पहाटेपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत न थांबणारे काम, हे सारे तो बारकाईने नोंदवितो. त्याच ओघात उत्तम पुरुष गुलामाची किंमत ३० पौंड आणि स्त्रीची २५ ते २७ पौंड, अशी नोंद येते. यारिकोविषयी त्याला कणव वाटते. या दरपत्रकाविषयी वाटत नाही.

स्टीलचे रूपांतर :

स्टीलने निनावी तरुणाला नाव, कुळ आणि व्यवसाय दिला. बापाने लहानपणापासून हिशोबात तरबेज केलेला मुलगा माणसाचाही हिशोब मांडतो, हे त्याचे निदान मार्मिक आहे. परंतु हा दोष तो एका घरच्या संस्कारावर लादतो. शिवाय ही कथा ॲरिएटा ही स्त्री सांगते, आणि तीही स्त्रियांच्या चंचलतेच्या आरोपाला उत्तर म्हणून. साहजिकच वाचकापुढे प्रश्न उरतो तो पुरुषाच्या निष्ठेचा. यारिकोला विकत घेणारा व्यापारी कथेत जवळजवळ अदृश्य राहतो. इंकलने विश्वासघात केला नसता, तरी ती बाजारपेठ तशीच चालली असती, हे कथा वाचकाला जाणवू देत नाही. येथे एक चरित्रविषयक बाब नोंदविणे आवश्यक आहे. स्टीलची पहिली पत्नी १७०६ मध्ये मरण पावली व तिच्याकडून त्याला बार्बाडोसमधील मळा वारशाने मिळाला होता. एवढ्यावरून त्याच्या करुणेला ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र ती करुणा मळ्याच्या कुंपणाशी का थांबते, हे समजण्यास या बाबीची मदत होते.

समारोप :

साहित्यमूल्याच्या दृष्टीने स्टीलची कथा निःसंशय सरस आहे. तरीही व्यवस्थेचा पुरावा लिगनच्या रूक्ष नोंदींत अधिक सापडतो. इंकलला खलनायक ठरविले की साखर निर्दोष ठरते. म्हणून ही कथा वर्गात शिकविताना लिगनचे दरपत्रक तिच्या शेजारी ठेवावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.