स्वतःचंच पुस्तक जाळणारा इतिहासकार

१९८८ साली लॉस एंजेलिसमध्ये पॉल लाँगमोर या इतिहासकाराने जॉर्ज वॉशिंग्टनवरचं स्वतःचं पुस्तक जाळलं. पोलिओने हात निकामी केलेले. तोंडात पेन धरून, एकेक कळ दाबत ते लिहिलेलं. पण रॉयल्टी घेतली, तर श्वासयंत्राचा आणि मदतनिसांचा खर्च देणारी सरकारी मदत बंद होणार होती.

‘व्हाय आय बर्न्ड माय बुक’ हा त्यांचा लेख भारी आहे, कारण तो रडत बसत नाही, नियमाचा इतिहास खणतो. अपंग म्हणजे कामाला असमर्थ, ही व्याख्याच धोरणात मुरलेली. बग वाटतं, ते डिझाइन होतं. इतिहास विभागाने रॅम्प बांधावाच. पण ही व्याख्या कोणी केली, हेही वर्गात शिकवावं.